आबांची मूळपेशी

आमच्या गल्लीत कुणी कोंबडा पाळत नाही. पाळला तर बिचाऱ्याला काम काय उरणार? ऊन ओट्यावर आलं की समोरून खणखणीत आवाज येतो, "संगीता भ्रतार अनिलऽऽ, हाऽजिर होऽऽ!" संगीता म्हणजे मी. अनिल माझा नवरा. भ्रतार म्हणजेही नवराच, पण हा शब्द आता जुन्या सातबाऱ्यावर, कोर्टात आणि आमच्या बाबूराव आबांच्या तोंडात तेवढा उरलाय.

आणि हजर कशासाठी व्हायचं? तर दूधवाला आलाय! दूधवाला तिथंच उभा असतो, त्याला तोंड असतं, माझ्या दाराला कडी असते. पण नाही. आबा तीनदा पुकारणार. तिसऱ्या पुकाऱ्यालाही मी पातेलं घेऊन बाहेर दिसले नाही, तर दूधवाल्याला गंभीरपणे सांगणार, "गैरहजर. व्हा पुढं." आणि तो मेला खरंच पुढं जातो. माझ्या घरी कैकदा काळा चहा झालाय तो या न्यायदानामुळं.

आबा परंड्याच्या कोर्टात पट्टेवाले होते. कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचा, यात उभी नोकरी गेली. तालुक्यातला असा एक भांडखोर नसेल, ज्याचं नाव बापासकट आबांच्या घशातून गेलेलं नाही. पुढं आबा निवृत्त झाले, पण घसा काही निवृत्त झाला नाही. भंगारवाला, पोस्टमन, कुर्डुवाडीच्या गाडीला निघालेले पाहुणे, सगळ्यांचा रीतसर पुकारा होतो. एक लंगडी मांजर आहे, तिलासुद्धा सोडत नाहीत. "मांजर पिता नामालूमऽऽ" अशी आरोळी आली की समजायचं, आबांच्या ताटात भाकरीचा शेवटचा तुकडा उरलाय. मांजर मात्र पहिल्याच पुकाऱ्याला हजर होते.

बोलणंही सगळं कोर्टाचं. लाईट गेली की "तहकूब झाली." कुणी वारलं की "केस वरच्या कोर्टात वर्ग झाली." आणि कुठलंही काम टाळायचं असलं की "पुढच्या पेशीला बघू." आमच्याकडं कोर्टाच्या तारखेला पेशी म्हणतात. निजाम गेला, पेशी काही गेली नाही. हा शब्द नीट लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ त्यानंच घातलाय.

एवढ्या मोठ्या पुकाऱ्याच्या यादीत एकच नाव मी कधी ऐकलं नाही. आबांच्या नातीचं. मनस्वी तिचं नाव, घरात मनू. मनू खेळायला लांब गेली, अंधार पडायला आला, तरी आबा हाक मारत नाहीत. पायात चपला सरकवतात, स्वतः जातात, तिच्या डाव्या अंगाला उभे राहतात आणि हळूच म्हणतात, "चला साहेब, घरी." मी एकदा विचारलंही, "काय हो आबा, साऱ्या गल्लीला तोफ आणि नातीला बासरी?" तर म्हणाले, "पुढच्या पेशीला सांगतो." मी म्हटलं, लाड! दुसरं काय?

मनूला उजवा कान नाही. म्हणजे कानाच्या जागी शेंगदाण्याएवढी एक गाठ आहे आणि आत भोकच नाही. जन्मल्यापासून तसंच. डावा कान चांगला, डोकं तर त्याहून चांगलं, पण ती सदा केस उजवीकडं ओढून बसायची आणि शाळेत वाऱ्याला घाबरायची. ऊन नाही, मास्तर नाही, वाऱ्याला! वारा आला की दोन्ही हात उजव्या बाजूला.

मनू जन्मली तेव्हा गल्लीतल्या बायांनी तोंडाचा पट्टा सोडला होता. मनूच्या आईनं, सारिकानं, ग्रहणात विळी हातात घेतली असणार, त्याशिवाय असं होतंय का? बाळंतीण आत रडत होती. आबा ओट्यावर आले आणि कोर्टाच्या आवाजात म्हणाले, "इळी कुणी बघितली? साक्षीदार हाय का? हाजिर हो!" एकीचीही हिंमत झाली नाही. मग त्यांनी स्वतःच निकालपत्र वाचलं. "काय बी झालेलं न्हाय. देवानं पुकारा केला तवा पोरगी झोपली हुती. गैरहजर बघून त्यानं एकतर्फी निकाल दिला. एकतर्फी निकालावर अपील हुतं. आमी अपील करणार."

हे अपील कुठं करायचं, ते मात्र आबांना कळत नव्हतं. ते मी सांगितलं. न सांगून जाते कुठं?

मी शाळेत विज्ञान शिकवते. गल्लीच्या हिशेबानं म्हणजे मी अर्धी डॉक्टर. उरलेली अर्धी म्हणजे कोपऱ्यावरचा मेडिकलवाला. एका रविवारी ओट्यावर बसून दुसऱ्या दिवशीचा धडा मोठ्यानं वाचत होते. 'मूळपेशी' म्हटलं मात्र, समोरून आबा ताडकन उठून आले.

"बाई, ही मूळ पेशी कोणत्या कोर्टातली?"

मी हसून लोळायची तेवढी राहिले. मग समजावलं. "आबा, ही अंगातली पेशी. घर विटांचं, तसं अंग पेशींचं. आणि मूळपेशी म्हणजे जिचं अजून काही ठरलेलं नाही ती. तिची कातडी होईल, हाड होईल, नाहीतर कूर्चा होईल."

"कुरचा म्हंजी?"

"तुमचा कान धरा. वाकतो की नाही? हाडही नाही, मांसही नाही, ती कूर्चा. ही एकदा गेली की आपोआप भरून येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ आता मूळपेशींपासून ती वाढवायला बघतायत. म्हणजे ज्यांचं नाक गेलंय, कान..."

कान हा शब्द निसटला आणि मी जीभ चावली. त्या घरासमोर आम्ही कुणी 'कानाला खडा' असंसुद्धा म्हणत नसू. आबांचे स्वतःचे कान सुपाएवढे. त्यातला एक त्यांनी मी सांगितला म्हणून धरला होता, तो सोडायचं विसरून ते तसेच उभे राहिले.

"म्हंजी हिचा निकाल अजून लागलेला न्हाय?"

"कुणाचा?"

"ह्या पेशीचा. तुमीच म्हणालाव, अजून काय ठरलेलं न्हाय."

"हो, तसं म्हणजे..."

"मग अपील हुतंय!" आबा गल्लीकडं तोंड करून ओरडले, "बाईऽ म्हणत्यात अपील हुतंऽऽय!" परंड्याच्या किल्ल्याच्या बुरुजावरची कबुतरं उडाली असतील. अनिल आतून अर्धी दाढी करून धावत आला. त्याला वाटलं, माझ्यावर कुणी केस टाकली.

त्या दिवसापासून आबांना दुसरा विषय उरला नाही. किराणा दुकानात, पारावर, न्हाव्याकडं, एकच. "पोरीच्याच अंगातली पेशी काढायची, वाढवायची अन् तिचाच कान उगवायचा! परक्याचा एक बी कण न्हाय." ऐकणारा म्हणायचा, आबांचं डोकं फिरलं. आबा म्हणायचे, "तुजी साक्ष कुणी मागितली?" आणि मी रोज नवा प्रश्न सोडवत होते. पेशी खाते काय? वाढते कुठं? तिला ऊन चालतं का? शेवटी कंटाळून एकदा म्हटलं, "अहो आबा, मटकीला मोड आणतो ना, तसं समजा. ओल लागते, ऊब लागते आणि दम धरावा लागतो."

झालं. दोनचार दिवसांनी सारिका माझ्या दारात. एरवी मान खाली घालून बोलणारी बाई, पण त्या दिवशी पदर खोचून आली होती. "बाई, तुमी आबांना काय सांगितलंय?" तिनं मनूला पुढं केलं. मनूच्या डोक्याला आडवं फडकं बांधलेलं, उजव्या बाजूला चांगलं ओलं. त्यातून पाणी गळतंय आणि पोरगी शिंकतेय. मागून आबा आले, अजिबात न शरमता. "मोड यायलाय का बघायलाव. रोज फडकं बदलतो, बाई. हयगय न्हाय."

"आबा! ती मटकी नाहीये!"

"बाई," मनू नाक पुसत म्हणाली, "पण थोडासा टोकदार लागतोय."

मला हसू यावं की रडू, कळेना. त्या पोरीचे डोळे असे चमकत होते की खोटं बोलवेना आणि खरंही बोलवेना. मी फडकं सोडलं, गाठ पुसून कोरडी केली आणि म्हटलं, "आता हे डॉक्टरांकडंच न्यायचं. घरी मोड आणायचे नाहीत."

आबांनी तेही कोर्टासारखंच केलं. आधी बार्शीचे डॉक्टर, ते तालुका कोर्ट. त्यांनी सोलापूरला पाठवलं, ते जिल्हा कोर्ट. सोलापूरवाल्यांनी पुण्याचं नाव काढल्यावर आबा हरखलेच. "हायकोर्ट लागलं, बाई!" निघायच्या आधी तुळजापूरला जाऊन आईच्या कानावरही घालून आले. मनूचा बाप महेश पुण्याकडंच कारखान्यात कामाला. तो तिकडून यायचा होता. इकडून सारिका, मनू, आबा आणि मी. मी कशाला? "तुमी आमचं वकीलपत्र घ्या. डॉक्टरचं बोलणं आमाला उमगंल न उमगंल." कुर्डुवाडीला रेल्वेत बसल्यापासून आबांनी डब्यातल्या प्रत्येकाला केस सांगितली. दौंड येईपर्यंत अर्धा डबा मनूच्या बाजूनं होता.

पुण्याच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी मनूला आधी गोळ्याबिस्किटं नाही, सरळ आरसा दिला. म्हणाल्या, "केस मागं घे, आपण दोघी मिळून बघू." मनूनं केस मागं घेतले. सारिकानं तोंड फिरवलं. कारण पोरगी घरात आरशासमोर तसं कधी करत नव्हती.

"डाक्टरसाहेब," आबांनी टोपी काढून सुरुवात केली, "आमी मूळपेशीसाठी आलाव. पायजे तर माज्यातल्या घ्या. माजे कान बघा, दोगांना पुरून उरत्याल."

डॉक्टर हसल्या. "आजोबा, तुमच्या पेशी तिचं शरीर परक्या समजेल, बाहेर काढेल."

"म्हंजी वारस हाय अन् वारसा न्हाय?" आबांना हा कायदा मुळीच पटला नाही.

मग डॉक्टरांनी सगळं सांगितलं. ती शेंगदाण्याएवढी गाठ म्हणजे अर्धवट राहिलेला कानच. तिच्यातही थोडी कूर्चा असते आणि त्या कूर्चेच्या आवरणात मूळपेशी असतात. त्या काढून प्रयोगशाळेत वाढवता येतात. कानाच्या आकाराच्या साच्यावर वसवल्या की कूर्चा धरायला लागते. मी वकील असूनही आबांचा हात दाबला, इतका मला आनंद झाला. आबा तर खुर्चीच्या कडेवर आले होते.

"मग कवा लावायचा कान?"

डॉक्टर म्हणाल्या, "कूर्चा वाढते, आजोबा. पण तो कान शरीरात वर्षानुवर्षं आकार धरून राहील का, हे अजून तपासणं चाललंय. फार थोड्या ठिकाणी, फार थोड्या माणसांवर झालंय. त्यासाठी मी मनूला थांबवून ठेवणार नाही. आपण तिच्याच बरगडीची कूर्चा घेऊ, तिचा कान कोरू. ही पद्धत जुनी आहे, खात्रीची आहे. आणि एक आत्ताच सांगते, कान दिसायला येईल. त्या बाजूचं ऐकणं मात्र आहे तसंच राहील."

  आबा टोपी डोक्यावर घालत पुटपुटले, "म्हंजी मूळपेशीची तारीख पडली."

मनू एवढा वेळ ऐकत होती. तिनं विचारलं, "मग ह्या गाठीचं काय?"

"त्यातली कूर्चा ऑपरेशनमध्ये काढावीच लागते. तू आणि आईबाबा हो म्हणालात तर ती आम्ही प्रयोगशाळेत देऊ. तुझ्या पेशी वाढवून शिकता येईल. तुला नाही, पण पुढच्या एखाद्या मुलाला उपयोग होईल."

"वाढतील? मटकीसारख्या?"

डॉक्टरांना मटकीचं काय कळणार? पण त्या म्हणाल्या, "साधारण तशाच."

"मग घ्या," मनू म्हणाली. महेश आणि सारिकानंही मान हलवली. बरगडीचं ऐकून तिचा हात छातीशी गेला होता, तो तिनं खाली घेतला.

आणि आबा पुन्हा ताठ झाले! "बाई, ऐकलाव का? आपली पेशी दुसऱ्याच्या अपिलात साक्षीदार म्हणून उभी ऱ्हाणार!" डॉक्टरांनी मग पारदर्शक कागद मनूच्या डाव्या कानावर ठेवून त्याची आकृती काढली, उलटी करून उजवीकडं धरून बघितली आणि एकदम आबांकडं पाहिलं. "आजोबा, हा तर तुमचाच कान की हो. पाळी बघा, अशीच वळलीय." झालं. परतीच्या गाडीत कूर्चेचा विषयही गेला आणि पेशीचाही. आबा टोपी वर करून प्रत्येकाला स्वतःचा कान दाखवत होते. "ह्या नमुन्याचा बसवणार हाईत. बघून ठिवा."

ऑपरेशन उन्हाळ्याच्या सुट्टीत झालं. सकाळी मनूला आत नेलं. महेश आणि सारिका दाराशी उभे, मी आणि आबा बाकावर. आबा टोपी हातात घेऊन नुसती फिरवत होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "काळजी करू नका, डॉक्टर हुशार आहेत."

"बाई, तुमी इचारलं हुतं, मनूचा पुकारा का करत न्हाय."

"हो. पुढच्या पेशीला सांगतो म्हणालात."

"ही तीच पेशी." ते दाराकडंच बघत बोलत होते. "पोरगी नुकती पळाय शिकली हुती. बाजारच्या दिवशी बोट सुटलं. बघतो तर ही म्होरं, रस्त्याच्या अलीकडं. म्या उजव्या अंगाला हुतो. पुकारलं. तिनं ऐकलं, बाई! हसली. अन् उलटीकडं पळाली. एका कानानं ऐकणाऱ्याला सगळा आवाज त्याच अंगानं येतोय, हे मला काय ठावं? म्या आणिक जोरात पुकारलं, ती आणिक जोरात पळाली. तिला वाटलं, आबा तिकडंच हाईत. तिसऱ्या पुकाऱ्याला रस्त्यावर. एका बांगडीवाल्या बाईनं झिंज्याला धरून मागं वढली, म्हणून हाय आज."

टोपी फिरायची थांबली.

"साऱ्या तालुक्याला हजर केलं, बाई. अन् माजी हाक ऐकून माजीच पोरगी माज्यापासनं लांब पळाली. त्या दिवसापासनं तिला हाक मारली न्हाय. जाऊन आणतो."

 त्यांच्या लाडावर मी काय काय थट्टा केली होती! तेवढ्यात नर्स बाहेर येऊन म्हणाली, "मनस्वीचे नातेवाईक? झालंय व्यवस्थित." महेश आणि सारिका धावले. आबा उठले, कोर्टात उठतात तसे, हात जोडून. 

पट्टी निघून मनू परंड्याला आली त्या दिवशी गल्लीत जत्रा होती. ग्रहणवाल्या बाया तर सगळ्यात पुढं. मनूनं आयुष्यात पहिल्यांदा दोन वेण्या घातल्या होत्या. कान जरा सुजलेला, लालसर, डोक्याला चिकटलेला होता. तो मागून मोकळा करायला अजून एक ऑपरेशन आहे. "दुसरी पेशी बाकी हाय," आबा सगळ्यांना सांगत होते. पण कान होता! पाळीसकट, वळणासकट, आबांच्या नमुन्याचा. मी तर सरळ रडले, कुणाला लाजते?

गर्दी पांगल्यावर मनू गल्लीच्या टोकाला पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिली आणि तिथून ओरडली, "आबाऽ, माझा पुकारा करा!"

आबा ओट्यावर दचकले. "नगं साहेब. भलतीकडं पळशील."

"नाही पळणार. मी जागची हलणार नाही. तुम्ही पुकारत पुकारत इकडं या."

"तसं नसतंय. ज्याचं नाव घेतलं, त्यानं यायचं असतंय."

"ते खालच्या कोर्टात!" म्हणत मनूनं उजवी बाजू आबांकडं केली.

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "वकील म्हणून सांगते, हरकत नाही." त्यांनी टोपी सारखी केली, ओट्यावरून उतरले आणि छाती भरून घेतली.

"मनस्वी पिता महेशऽऽ, हाऽजिर होऽऽ!"

दारं उघडली, खिडक्या उघडल्या. मनूची मान सवयीनं डावीकडं वळली, टाकीच्या दिशेला. आबांचा पाय तिथंच अडखळला. पण मनूचे पाय जागचे हलले नाहीत. तिनं मान फिरवून आबांना शोधलं आणि हसली. आबा चालत सुटले. दुसरा पुकारा निम्म्या वाटेत झाला आणि मधेच फाटला. कोर्टातला आवाज असा फाटलेला कुणी ऐकला नव्हता.

तिसऱ्या पुकाऱ्याला ते तिच्याजवळ पोचले. नेहमीसारखे डाव्या अंगाला गेले नाहीत. उजवीकडं गेले, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि त्या नव्या कानाशी तोंड नेलं. त्या कानाला ऐकू येत नाही, हे आबांना ठाऊक होतं, मनूला ठाऊक होतं, आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आम्हाला त्यांचे ओठ हललेले तेवढे दिसले.

मनू म्हणाली, "हाजिर हाय, आबा."